चुकीची उत्तरं द्यायचं काम

वनिता,

तुझ्या शोकसभेत संस्थेच्या अध्यक्षांनी तुला ज्ञानदीप म्हटलं. त्यांच्यानंतर मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, ज्ञानदीप विझला. मग माइक बिघडला, ते बरं झालं. तू शेजारी असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मी तुला कोपर मारलं असतं. सवयीने मी कोपर हलवलंही. ते मयूरीला लागलं. तुझी लेक तुझ्या फोटोकडे बघत बसली होती आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. अजूनही नाही. रडणाऱ्या माणसाला मी भीत नाही. हिला भिते.

तुझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, शाळेच्या अंकासाठी सुनेच्या आठवणी लिहून द्या. मी चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर बरं आहे आणि खोटं लिहायची सवय नाही. तुझी जन्मतारीख, पदव्या, नोकरी कधी लागली, ते शाळेच्या दप्तरात आहे, तिथून घ्या म्हटलं. मला तुझ्याशी बोलायचं आहे. छापायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

वेळ थोडा आहे. आज बुधवार. शनिवारी बीएडच्या कॉलेजात जाऊन मयूरीची जागा पक्की करायची मुदत संपते. सोमवारी तिने हिंजवडीच्या कंपनीत हजर व्हायचं आहे. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. विचारलं तर म्हणते, "आजी, मी आईला शब्द दिलाय. मी कंपनीतच जाणार." मग जा की! ऊठ, केस विंचर, कपडे बघ. ती उठत नाही. दिलीप सकाळी तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि कारखान्यात निघून जातो. माझाच मुलगा आहे, पण सांगते, त्याला लेकीशी काय बोलावं ते कळत नाही. तू होतीस तेव्हा त्याला बोलावं लागत नसे. राहिले मी. आणि मला काही सुचत नाही, वनिता.

शब्दाचं पुढे सांगते. आधी तुझं माझं.

तू वर्ध्याची बीएस्सी झालेली मुलगी. बघायला आलो तेव्हा पोहे देताना तू एकच विचारलंस, "लग्नानंतर बीएड करू द्याल का?" दिलीपने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला काय विचारता? मी काय विद्यापीठ आहे?" तुझे वडील गोंधळले. तू हसलीस. माझं बोलणं त्या खोलीत तुला एकटीला समजलं, म्हणून मी तुला पसंत केलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आम्ही तेव्हा कसब्यात राहत होतो. तुझे सासरे तांब्याची भांडी ठोकायचे. त्या ठोकाठोकीत तू अभ्यास केलास आणि बीएडच्या मार्कांच्या यादीत नाव आणलंस. तेव्हा बीएड एका वर्षाचं होतं. गणित आणि विज्ञान या तुझ्या दोन पद्धती, म्हणजे शिकवायचे विषय. मला वाटलं होतं, पदवी झाली म्हणजे शिकवता येतं. तू म्हणालीस, "आई, गणित येणं वेगळं आणि गणित शिकवता येणं वेगळं. हे वर्षभर तेच शिकायचं." त्यासाठी तुम्हाला सराव पाठ द्यावे लागत. कॉलेजात तुम्हीच एकमेकींच्या पुढे शाळकरी पोरी होऊन बसायच्या, मग खऱ्या वर्गात जायचं. पण त्याच्या आधीचा पाठ घरी व्हायचा आणि त्या वर्गात पोरगी एकच. मी.

लाकडी कपाटाच्या दाराला आतून तू काळा रंग दिलास. दार उघडलं की फळा, मिटलं की कपाट. घरात कोणी पाहुणा आला की तू दार लावायचीस आणि तुझा सगळा वर्ग साड्यांमागे जायचा. मी समोर पाटावर बसायचे, तांदूळ निवडत. "ताट बाजूला ठेवा, आई. विद्यार्थी तांदूळ निवडत नाहीत." मी म्हणायचे, "गरिबाघरचे निवडतात."

तू पहिल्यांदा अपूर्णांक घेतलेस. फळ्यावर एक छेद पाच लिहिलंस आणि एक छेद आठ. "सांगा, मोठा कोणता?" मी म्हटलं, आठवाला. आठ मोठे ना पाचापेक्षा? तू टाळी वाजवलीस. "हेच! मुलं हेच म्हणतात!" मी चुकले याचा इतका आनंद मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर बघितला नाही. मग तू भाकरी आणलीस, एकीचे पाच तुकडे केलेस, एकीचे आठ, आणि मला समजलं. समजलं तिथे घात झाला. दुसऱ्या दिवशी तू तोच पाठ परत घेतलास आणि मी टकाटक बरोबर उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशीही. तू खूश. पाठाचं टाचण वहीत उतरवलंस आणि शाळेत गेलीस. तिथे चाळीस पोरांनी तोंड उघडलं नाही. तू प्रश्न विचारायचीस, कोणी बोललं नाही की घाबरून उत्तर स्वतःच द्यायचीस. मार्गदर्शक बाई मागच्या बाकावर बसून लिहीत होत्या.

घरी आलीस ती चिडून. चिडलीस की तुझं वर्धा बाहेर यायचं. "आई, तुम्ही काऊन बरोबर सांगता जी? तुम्ही शिकून गेल्या तर मी शिकवू कोणाले?"

"मग काय विसरू?"

"विसरा!"

त्या दिवसापासून माझं काम ठरलं. मी चुकायचं. दर पाठाला नवी चूक काढायची आणि ती अशी की खऱ्या पोराने केली असती. ते बरोबर उत्तर देण्यापेक्षा अवघड होतं. कसब्यातल्या बायका म्हणायच्या, तुमची सून तुम्हाला शिकवते. मी म्हणायचे, नाही, चुकायला लावते.

तुझी खोड मात्र गेली नाही. विचारलंस की थांबवत नसे तुला. मी चूक जुळवून तोंड उघडीपर्यंत तू उत्तर देऊन मोकळी. मार्गदर्शक बाईंनी तुझ्या वहीत प्रत्येक पाठाखाली तेच लिहिलं: प्रश्नानंतर थांबावे. तुला ते यायला वर्ष गेलं. खरं म्हणजे वर्गात आलं. घरात शेवटपर्यंत आलं नाही. "आई, चहा घेता का? थांबा, घेताच." असं तुझं.

आपली खरी भांडणं पुढची. बिबवेवाडीत खोल्या घेतल्या त्या दिवसांत पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. पहाटे गल्लीत पांढऱ्या गाड्या यायच्या आणि गळ्यात पट्टा अडकवलेल्या पोरी त्यात बसून जायच्या. तुझ्याबरोबर वर्ध्याला शिकलेली तुझी मैत्रीण त्यातच होती. ती म्हणत होती, गणितवाली आहेस, सहा महिन्यांचा कोर्स कर, घेतील. तू मात्र विनाअनुदानित शाळेत. म्हणजे आज ना उद्या सरकार अनुदान देईल, मग नोकरी पक्की होईल, या भरवशावर शिकवत राहायचं. मी म्हटलं, "वनिता, उद्या उद्या म्हणत पोरगी शाळेत जायला लागली. ती गाडी दारात येते, चढ की."

"त्या गाडीत बसून काय करू?"

"मला काय माहीत? ज्या बसतात त्या काहीतरी करतातच की."

"मला वर्गात उभं राहायला आवडतं, आई."

"मग रस्त्यात उभी राहा. तेवढाच पगार."

तू त्यावर दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणालीस, "आज एका पोराला शून्य समजलं." झालं. तेवढ्यावर तुझं महिनाभर चालायचं. मला ते कधी पटलं नाही आणि आजही नाही. पण तुझं तोंड उजळायचं ते मी बघितलंय, ते नाही कसं म्हणू?

मग तुझी नोकरी पक्की झाली आणि आपल्या गॅलरीत रांग लागायला लागली. पदवी झालेली पोरं. कोणी वाशिमचं, कोणी यवतमाळचं, खोली करून राहणारं. कोणी इथलंच, गुंठामंत्र्याचं, बापाने जमीन विकली आणि आता पोराला मास्तर व्हायची हुक्की. "मॅडम, पदवीनंतर शिक्षक व्हायचा मार्ग कोणता?" तू प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचीस. बारावीवर डीएड, पदवीवर बीएड. पदवीला जो विषय आहे तो शाळेत शिकवला जातो का ते आधी बघ, नाहीतर पद्धत मिळणार नाही. प्रवेशाची सीईटी दे. आता वर्षं दोन, त्यात शाळेत जाऊन उमेदवारी. मग आठवीपर्यंतचे वर्ग हवे असतील तर टीईटी. मग अभियोग्यता चाचणी. मग भरती निघायची वाट. मला ऐकून ऐकून पाठ झालं. तू शाळेत असलीस तर मीच सांगायचे.

एकदा एक कॉमर्सवाला आला, केसांना जेल लावलेला. कॉल सेंटरला कंटाळला होता. "आजी, यात सोपा मार्ग कुठला?"

मी म्हटलं, "सोपा मार्ग हा जिना उतरून डावीकडे. बसस्टॉप आहे. हा अवघडांचा रस्ता आहे."

तू स्वयंपाकघरातून ऐकत होतीस. पोरगा गेल्यावर म्हणालीस, "आई, तुम्ही माझी गिऱ्हाइकं घालवता." पण तो परत आला, बीएड झाला, आणि तुझ्या दहाव्याला रजा काढून आला होता. केस पांढरे व्हायला लागलेत. जेल तेवढंच.

एवढ्या सगळ्यांना तू रस्ता दाखवलास. त्याच वर्षांत तुझा स्वतःचा रस्ता खचत होता आणि ते तू कोणाला दाखवलं नाहीस. ज्यांच्या घरी पांढरी गाडी यायची त्यांची पोरं इंग्रजी शाळेत गेली. मग ज्यांच्या घरी गाडी येत नव्हती त्यांचीही गेली. तुझ्या शाळेची एक तुकडी बंद झाली, मग दुसरी. तुला अतिरिक्त ठरवलं आणि नारायण पेठेतल्या शाळेत पाठवलं. तू घरी येऊन हा शब्द सांगितलास तेव्हा मी म्हटलं, "उरलेला भात अतिरिक्त असतो. माणूस कसा असेल?" तू म्हणालीस, "असतो, आई. पटसंख्येत बसला नाही की असतो."

आणि मग उन्हाळ्याची ती फिरती. एप्रिल सरला की तुम्ही शिक्षिका जोडीजोडीने निघायच्या, डोक्यावर रुमाल, हातात शाळेचं पत्रक. घरोघर जिने चढायच्या. घरात पहिलीच्या वयाचं मूल आहे का? आमच्या शाळेत घाला. वह्या देऊ, गणवेश देऊ, रिक्षा लावून देऊ. पोरं आली तर तुकडी टिकणार आणि तुकडी टिकली तर तुम्ही. मी एकदा तुला म्हटलं, "भाजीवालीसुद्धा खालून ओरडते, जिने चढत नाही." तू हसली नाहीस. तेव्हा मला कळलं की ते तुला लागतंय.

म्हणून त्या संध्याकाळी काय झालं ते मला समजलं. मयूरीला ते अजून समजलेलं नाही.

ती बीएस्सी झाली, कंपनीने कॉलेजातच तिला निवडलं, आपण पेढे वाटले. आणि मग एका संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं, "आई, मी बीएडची सीईटी दिली होती. पास झाले. मला शिकवायचंय." तुझ्या हातातला घास ताटात गेला.

"नाही."

"नाही काय? सगळ्या बिबवेवाडीला सांगतेस, बीएड कर, डीएड कर. घरच्या मुलीला नाही?"

"मी त्यांना रस्ता सांगते. जा म्हणत नाही."

"आई, दॅट्स सो अनफेअर!"

"मराठीत बोल."

"मराठीत? मराठीत शिकवायचंय म्हणते तर नाही म्हणतेस!"

"तू रुमाल बांधून लोकांच्या दारात पोरं मागायला उभी राहणार. मले नाही बघवणार."

वर्धा बाहेर आलं, म्हणजे प्रकरण गंभीर. ती म्हणाली, "तुला तुझ्या कामाची लाज वाटते, सांग ना सरळ." आणि ताट तसंच ठेवून उठली. तू उत्तर दिलं नाहीस असं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सकाळी ती झोपलेली. तू चपला घालत होतीस, रुमाल खांद्यावर. मी दारात. म्हटलं, "पोरीला एवढं तोडून का टाकलंस?" तू वाकलेलीच होतीस. म्हणालीस, "आई, तिला येईल हो शिकवायला. माझ्यापेक्षा बरं येईल. पण मला बघवणार नाही." आणि जिना उतरलीस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पेठेतली एक इमारत, तिसरा मजला, मे महिन्याचं ऊन. दार उघडणाऱ्या बाईने तुला पाणी दिलं. तू उंबऱ्यापाशीच कोसळलीस, भांडं तुझ्या हातातच होतं म्हणतात.

ती बाई तेराव्याला आली होती. कोपऱ्यात बसली, मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, मॅडमना मी नाहीच म्हणणार होते. मुलाला इंग्लिशमध्येच घातलंय." मी म्हटलं, बरं केलंत. त्या दिवशी घरात आलेल्यांपैकी खरं बोलणारी ती एकटी होती. तिला मी लाडू जास्त दिला.

आता शब्दाचं. दहाव्याला ओंकारेश्वराला कावळा शिवेना. ऊन चढलं. सगळे हात जोडून उभे. दिलीप म्हणाला, मयूरीचं सगळं नीट करीन. कावळा हलला नाही. तुझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, वनिताबाई, तुमच्या वर्गाकडे आम्ही बघू. नाही. गुरुजी म्हणाले, सगळे जरा मागे सरका, नाहीतर दर्भाचा करू. सगळे मागे सरकले आणि तुझी लेक एकटी पुढे झाली. हात जोडून मोठ्याने म्हणाली, "आई, मी बीएड करणार नाही. मी कंपनीत जाते." आणि कावळा आला.

मागून सगळे हुश्श झाले. "बघा, यातच जीव अडकला होता." मयूरीने मागे वळून माझ्याकडे बघितलं ते तोंड मला विसरता येत नाही. फाशी सुनावल्यावर माणूस असं बघत असेल.

मी कट्ट्यावर बसले होते आणि त्या कावळ्यावर माझी नजर होती. तो शेजारच्यांच्या पिंडावर जेवत होता. तिथलं आटोपलं आणि माणसं मागे सरकलेली दिसली, म्हणून तो आपल्याकडे आला. हे मी देवाशपथ बघितलं. पण सांगू कोणाला आणि कोणत्या तोंडाने? तुझ्या सासऱ्यांच्या वेळी कावळा शिवेना तेव्हा मीच म्हटलं होतं, तुमची हातोडी मोडीत घालणार नाही. शिवला. ती हातोडी अजून माळ्यावर आहे. दर दिवाळीला मी ती पुसते. तेव्हाचा कावळा खरा आणि आताचा भुकेला, असं म्हणायला मला जीभ आहे, पण धीर नाही. खरंच तूच आली असलीस तर? खरंच तुझा जीव तिथेच अडकला असला तर? मी तुझ्या लेकीला तुझ्याविरुद्ध उठवू का? ती पोरगी दिवसभर भिंतीकडे बघते, वनिता. खात नाही. मी दळण टाकते, भांडी घासते आणि मनात तुला हाका मारते. काही बोल. सवय होती ना, कोणी विचारायच्या आत उत्तर द्यायची? आता विचारते आहे तर गप्प.

इथपर्यंत बुधवारी लिहिलं आणि पुढे लिहवेना.

आज शुक्रवार. काल दुपारी मी एक केलं. तिच्या अंथरुणापाशी गेले आणि म्हटलं, "ऊठ. मला अपूर्णांक शिकव."

"काय?"

"तुझ्या आईने शिकवले होते. मी विसरले."

"आजी, प्लीज."

"उठली नाहीस तर कॉलेजचा आणि कंपनीचा, दोन्ही कागद चुलीत घालते."

"आजी, आपल्याकडे गॅस आहे."

तू गेल्यापासून ती पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं बोलली. मी तशीच उभी राहिले. शेवटी उठली. तिने कपाट उघडलं. आत तुझ्या साड्या तशाच आहेत, डांबराच्या गोळ्यांचा वास. काळा रंग मधे मधे उडालाय. तिने हाताने दार पुसलं आणि मी पाट घेतला. गुडघ्यांमुळे पाटावरून आता उठवत नाही, पण विद्यार्थी खुर्चीत बसत नाहीत.

माझ्या मनात काय होतं ते तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मी देवाला म्हणत होते, हिला येऊ नये. हिला शिकवायला येऊ नये, अडखळावी, कंटाळावी, फळ्याकडे तोंड करून पुटपुटावी. म्हणजे मी म्हणेन, बाई, हे तुझं काम नव्हे, जा तुझ्या कंपनीत. शब्द राहील, तू सुटशील, मी सुटेन.

तिने एक छेद पाच लिहिलं आणि एक छेद आठ. "आजी, मोठा कोणता?"

मी माझं काम केलं. म्हटलं, "आठवाला."

ती थांबली. हो नाही, नाही नाही. माझ्याकडे बघत राहिली, पण रागाने नाही. मला वाटलं विसरली पुढचं. तेवढ्यात म्हणाली, "तुला असं का वाटलं?" आणि परत थांबली. वनिता, तुला जे वर्षभर मार खाऊन आलं ते हिला न शिकता येतं. मला कोणी कधी असं विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाही, तू टाळी वाजवायचीस आणि भाकरी मोडायचीस. मी म्हटलं, "आठ मोठे ना." म्हणाली, "बरं. आठ कशाचे?" आणि पुन्हा थांबली. त्या थांबण्यात माझं मीच उत्तर शोधायला लागले. सत्तरी ओलांडलेली बाई, उत्तर मला पाठ, तरी मी शोधत होते, आणि खोटं सांगत नाही, मला मजा येत होती.

मग मला इतका राग आला. तिचा नाही, तुझा. तुला हे माहीत होतं. चपला घालताना तू तेच म्हणाली होतीस.

मी म्हटलं, "पुरे. बस इथे." ती माझ्यासमोर फरशीवर बसली, हात खडूने पांढरे. मी तिला सगळं सांगितलं. सकाळचं तुझं बोलणं, जसंच्या तसं, दोन्ही वाक्यं. येईल हे पण, बघवणार नाही हे पण. कावळ्याचं सांगितलं. हातोडीचंही सांगितलं, म्हणजे मी एका बाजूचं सांगितलं असं नको. तुझी आई नाहीच म्हणत होती, शेवटपर्यंत, ते लपवलं नाही. आणि तिला तिच्या कामाची लाज कधी वाटली नाही. तिला भीती वाटली तुझ्यासाठी, ते वेगळं, हेही सांगितलं.

तेव्हा ती रडली. मी रडू दिलं. स्वयंपाक राहिला तर राहिला.

मग डोळे पुसून तिने विचारलं, "आजी, मी काय करू?"

"मला काय विचारतेस? मी काय विद्यापीठ आहे?"

ती हसली नाही. तुझ्यासारखी फसली नाही. तिने प्रश्न विचारला होता आणि ती थांबली. तसंच, फळ्यापाशी थांबली होती तसंच. मी पाटाकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, तुझ्या साड्यांकडे बघितलं. ती थांबलेलीच. तुझ्या घरात कोणी माझ्या उत्तराची एवढी वाट बघितली नव्हती.

आणि मी विचार केला तो असा. तू म्हणालीस, मला बघवणार नाही. आता तुला बघायचं नाही. ती उद्या उन्हात जिने चढली, अतिरिक्त झाली, कोणी तिच्या तोंडावर दार लावलं, तर ते तू बघणार नाहीस. ते बघायला मी आहे, जितके दिवस आहे तितके. तुझी हरकत तुझ्याबरोबर गेली. असं मेलेल्या माणसाला बोलू नये. पण जिवंत माणूस भिंतीकडे तोंड करून पडलंय आणि शनिवार परवावर आलाय, तेव्हा मी बोलते.

मी म्हटलं, "जा. कॉलेजला जा."

"आणि शब्द?"

"तो माझ्यावर. मी लवकरच तिकडे जाणार आहे. मी भांडेन तिच्याशी."

संध्याकाळी दिलीपला सांगितलं. तो म्हणाला, "परवाच्या बसचं बघतो." आज दुपारी पोरीने ड्रेस इस्त्री केला. थोडं जेवली. आता झोपली आहे, तोंड भिंतीकडे नाही.

माझी मात्र झोप गेली, वनिता. पक्की नोकरी हातात आलेल्या पोरीला मी त्याच जिन्यावर चढायला सांगितलं ज्यावर तू गेलीस. लोक म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं. लोकांचं मला काही नाही. तुझं आहे. कपाटाचं दार मी उघडंच ठेवलंय. फळ्यावर तिचा एक छेद पाच आणि एक छेद आठ तसाच आहे, पुसला नाही. तिथे बघून मी हे लिहिते आहे.

तुझ्यापुढे मी वर्षभर चुकीची उत्तरं दिली, पहिलं सोडलं तर ती सगळी मुद्दाम. काल मयूरीला जा म्हटलं, ते चुकायचं म्हणून म्हटलेलं नाही. ते चुकलं असेल तर खरोखरचं चुकलेलं असेल, आणि या वेळी भाकरी घेऊन समजावायला तू येणार नाहीस.